व्याजाविना वर्गणीचें भांडवल
नव्या निसर्गपोषक धंद्यांसाठीं इस्लामी अर्थनीतीची पद्धति

शेतकऱ्याच्या हातीं मोठी रक्कम आयुष्यांत एकदां, फार तर दोनदां येते. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर ह्या आमच्या पट्ट्यांत ती बहुधा जमिनीच्या मोबदल्याच्या रूपानें येते. रस्त्यासाठीं, कारखान्यासाठीं किंवा इमारतींसाठीं शेत गेलें कीं रक्कम बँकेच्या खात्यांत जमा होते, आणि ती कोठें गुंतवावी हें सांगणारे लोक थोड्याच दिवसांत ओटीवर येऊन बसतात. त्यांच्या बोलण्यांत अलीकडे एक नवी भाषा ऐकूं येऊं लागली आहे : व्याज नाहीं, नफ्यांत वांटा, धंदा नवा, पण हवापाण्यास अपाय न करणारा, आणि भांडवल एका सावकाराचें नव्हे, तर पुष्कळांनीं थोडथोडें मिळून दिलेलें.

ह्या पद्धतीचें मूळ इस्लामी अर्थनीतींत आहे. मलेशिया, इंडोनेशिया इत्यादि देशांत ती कायद्याच्या देखरेखीखालीं चालते. आपल्या देशांत तिच्या नांवावर कांहीं चांगलीं कामें झालीं आहेत, तसेच लोकांचे पैसे बुडाल्याचेही प्रकार घडले आहेत. सबब ज्याच्या पदरीं चार पैसे शिल्लक आहेत अशा प्रत्येक शेतकऱ्यानें, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ही पद्धति नीट समजून घेणें अगत्याचें आहे. प्रस्तुत पाठांत प्रथम तत्त्व, मग पूर्वानुभव व हिशेब, मग कायदा, आणि शेवटीं पैसे देण्यापूर्वीं विचारावयाचे प्रश्न, ह्या क्रमानें विवेचन केलें आहे.

१. मूळ तत्त्व

इस्लामी धर्मशास्त्रांत व्यापार विहित मानला आहे व 'रिबा' निषिद्ध मानला आहे. रिबा म्हणजे उसन्या दिलेल्या पैशावर आधींच ठरवून घेतलेली वाढ. आपल्या भाषेंत व्याज. निषेधामागील विचार थोडक्यांत असा कीं, धंदा तरो वा बुडो, व्याज घेणारास आपली ठराविक रक्कम मिळावयाचीच. धोका सगळा कर्जदाराच्या शिरावर. ज्याला नफा हवा असेल त्यानें धोक्याचाही वांटा उचलावा, हा ह्या नीतीचा कणा होय.

हें तत्त्व शेतकऱ्यास परकें वाटण्याचें कारण नाहीं. जमीन दुसऱ्यास कसावयास देण्याचे दोन प्रकार आपल्याकडे पूर्वापार माहीत आहेत. खंडाच्या बोलींत पाऊस पडो वा न पडो, ठरलेला खंड द्यावाच लागतो. अर्धेलीच्या बोलींत वीस क्विंटल भात झालें तर दहा मालकाचें, चारच झालें तर दोन मालकाचें. आणि कांहींच पिकलें नाहीं तर मालकाची जमीन एक हंगाम फुकट गेली व कसणाराची मेहनत फुकट गेली. दोघांचेंही नुकसान झालें, पण एकानें दुसऱ्यास नागविलें नाहीं. व्याज हें खंडासारखें आणि इस्लामी भागीदारी ही अर्धेलीसारखी, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील विषय सोपा होतो. मात्र ही केवळ तुलना आहे. जमिनीचें भाडें घेणें त्या शास्त्रांतील बहुतेक पंडितांनीं निषिद्ध मानलेलें नाहीं.

अर्धेलीस तर त्या शास्त्रांत स्वतंत्र नांवच आहे : 'मुझारआ'. खैबर येथील जमीन निम्म्या उत्पन्नाच्या बोलीवर तेथील कसणारांकडेच ठेविली गेली, अशी पैगंबरांच्या काळची परंपरा सांगतात. इमाम अबू हनीफा यांना ही बोली मान्य नव्हती. पण त्यांचेच शिष्य अबू यूसुफ व महंमद यांनीं ती ग्राह्य ठरविली. म्हणजे वांट्याच्या शेतीवर तेथेंही आपल्याइतकाच खल झालेला आहे.

२. ध्यानांत ठेवावयाचे चार शब्द

मुदारबा. एकाचें भांडवल व दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या प्रमाणांत, म्हणजे साठास चाळीस किंवा निम्मेनिम, वांटावयाचा. तोटा आला तर पैशाचा तोटा भांडवलवाल्याचा आणि मेहनत करणाराची मेहनत वांया. परंतु तोटा हयगयीनें किंवा करार मोडल्यानें झाला असेल, तर तो मेहनत करणारानें भरून दिला पाहिजे.

मुशारका. सर्वांचेंच भांडवल. नफा कराराप्रमाणें, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणांतच. ह्या दोन्ही प्रकारांत 'दरमहा अमुक रुपये नफा' अशी नेमलेली रक्कम ठरवितां येत नाहीं. ठरवावयाचें तें प्रमाण, रक्कम नव्हे.

सलम. पुढें मिळावयाच्या मालाची किंमत आज पुरती देणें. मालाची जात, प्रत, वजन व देण्याचा दिवस पक्का असावा लागतो. अमक्याच शेताचा किंवा अमक्याच झाडाचा माल, अशी अट घालतां येत नाहीं. कारण तें शेत पिकलें नाहीं कीं करारच लटकतो.

गरर. ज्या व्यवहारांत काय घेतलें व काय दिलें हेंच अनिश्चित असतें, तो व्यवहार. आंब्याचा किंवा जांभळाचा बहार मोहोरावरच ठोक रकमेस विकण्याची चाल कोंकणपट्टींत आहे. फळ धरेल कीं गळेल हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नसतें. एकास घबाड मिळतें, दुसरा बुडतो. फळ पिकण्याच्या खुणा दिसूं लागण्यापूर्वीं झाडावरचें फळ विकूं नये, असा त्या शास्त्राचा नियम आहे. बदलापूरकडील बागवाल्यांस त्यांतील मर्म निराळें समजावून देण्याची जरूर नाहीं.

ह्याखेरीज दारू, जुगार व व्याजबट्टा यांवर चालणारे धंदे वर्ज्य मानले आहेत. मुंबईंतील टाटा म्युच्युअल फंडाची 'एथिकल फंड' नांवाची योजना अशाच कसोट्या लावून कंपन्यांचे भाग निवडते.

३. आपल्याकडील पूर्वानुभव

व्याजाच्या ओझ्याचा इतिहास महाराष्ट्रास चांगला ठाऊक आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले, आणि तें लोण दक्षिणेंत पसरलें. त्यांतून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा निघाला. त्याच्याही पूर्वीपासून हिंदु व्यवहारशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता : एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुदलापेक्षां अधिक होऊं नये. म्हणजे व्याजास कोठेंतरी बांध घातला पाहिजे ही जाणीव दोन्ही परंपरांत होती. एकीनें व्याजास मर्यादा घातली, दुसरीनें तें मुळांतच वर्ज्य केलें.

पुष्कळांच्या थोड्या पैशांतून धंदा उभारणें हेंही आपल्याकडे नवें नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनीं तिला पाठिंबा दिला, आणि त्या पैसा फंडांतून तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं कांचेचा कारखाना सुरू झाला. पुढें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें प्रवरानगर येथें शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० अखेर त्यांतून साखर निघाली. थेंबें थेंबें तळें सांचे, हें म्हणणें येथें आंकड्यांनीं खरें झालें. पैसा फंडांत देणाऱ्यास परत कांहीं मिळावयाचें नव्हतें. साखर कारखान्यांत देणारा स्वतः मालक होता. आज जिला 'क्राउडफंडिंग' म्हणतात ती लोकवर्गणीची पद्धति ह्या दोहोंच्या मधली आहे, आणि तींत इंटरनेटमुळें अनोळखी माणसाचाही पैसा येतो, एवढाच काय तो फरक.

व्याजरहित व्यवहाराचेही प्रयोग ह्याच प्रांतांत झाले. मुंबईंत १९७६ सालीं बैतुन्नस्र ही बिनव्याजी पतसंस्था निघाली. पुढें ती बंद पडली. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनें २०१६ सालीं बार्शी येथें बिनव्याजी कर्जाचा उपक्रम सुरू केला. हे कर्जाचे प्रकार होत, वांट्याचे नव्हेत. तथापि इस्लामी नीतीचा धागा सहकाराच्या वस्त्रांत विणतां येतो, हें त्यांवरून दिसतें.

४. आंकड्यांनीं पडताळा

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. भाजीबाजाराच्या कचऱ्यापासून व गोठ्यांतील शेणापासून खत करण्याचा धंदा काढावयाचा आहे. भांडवल १२,००,००० रुपये लागतें. पहिल्या वर्षीं ९०,००० रुपये तोटा, दुसऱ्या वर्षीं ना नफा ना तोटा, तिसऱ्या वर्षीं ३,००,००० रुपये नफा, असा अनुभव येतो असें समजूं.

कर्ज काढलें तर : दरसाल दर शेंकडा १२ प्रमाणें वर्षास १,४४,००० रुपये, म्हणजे तीन वर्षांत ४,३२,००० रुपये व्याज. धंद्याची तीन वर्षांची निव्वळ कमाई २,१०,००० रुपये. म्हणजे २,२२,००० रुपये अंगावर आले, आणि मुद्दल जसेंच्या तसें देणें राहिलें. धंदा तिसऱ्या वर्षीं रुळावर आला खरा, पण पहिल्या दोन वर्षांच्या व्याजानेंच त्याचा श्वास कोंडला.

वांट्यानें घेतलें तर : ६० माणसांनीं प्रत्येकीं २०,००० रुपये दिले, नफा भांडवलास साठ व चालविणारास चाळीस टक्के ठरला. पहिल्या वर्षींचा तोटा माणशीं १,५०० रुपये पडला. तिसऱ्या वर्षींच्या नफ्यांतून प्रथम ते ९०,००० भरून काढिले, म्हणजे भांडवल पूर्ववत् झालें. उरलेल्या २,१०,००० पैकीं १,२६,००० भांडवलवाल्यांस व ८४,००० चालविणारास. म्हणजे माणशीं २,१०० रुपये. धंदा जिवंत राहिला, डोक्यावर देणें नाहीं.

हा हिशेब दोन्ही बाजूंनीं वाचला पाहिजे. धंदा काढणारास वांट्याची पद्धति तारक ठरली. परंतु पैसे देणारास तीन वर्षांत २०,००० रुपयांवर २,१०० रुपयेच मिळाले. तीच रक्कम बँकेंत मुदतीनें ठेविली असती तर बहुधा अधिक मिळाले असते. चौथ्या-पांचव्या वर्षीं धंदा वाढला तर त्याचा लाभ वांटेकऱ्यास होईल, बुडाला तर मुद्दलही जाईल. तेव्हां मुलीच्या लग्नासाठीं, आजारपणासाठीं किंवा घर बांधण्यासाठीं राखलेली रक्कम ह्या मार्गास लावूं नये. जी रक्कम पांचसात वर्षें हाताशीं नसली तरी घर अडत नाहीं, तिचाच एक हिस्सा येथें शोभतो.

५. निसर्गपोषक धंद्यांस ही पद्धति कां जुळते

वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाजवळून वाहत उल्हासनगरांतून कल्याणकडे जाते. कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें तिची काय दशा झाली, हें तीरावरच्या माणसास सांगावें लागत नाहीं. हें घडण्याचें एक कारण हिशेबाचें आहे. जो धंदा पाणी नासवितो त्याच्या वहींत त्या नुकसानाचा खर्च लिहिला जात नाहीं. तो खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या वहींत पडतो. उलट जो धंदा सांडपाणी शुद्ध करतो, तुसाचा पांढरा कोळसा करतो, कचऱ्याचें खत करतो किंवा सूर्याच्या उन्हावर पंप चालवितो, त्याला पहिलीं वर्षें खर्च मोठा व उत्पन्न सावकाश असतें. यंत्र बसवावयाचें, लोकांस संवय लावावयाची, गिऱ्हाईक जमवावयाचें. आणि व्याजाचा हप्ता तर पहिल्या महिन्यापासून दारांत उभा. अशा धंद्यास वाट पाहणारें भांडवल पाहिजे, आणि वाट पाहणें हा वांटेकरीचा स्वभाव आहे, व्याजखोराचा नव्हे. शिवाय पाणी, चारा व अग्नि यांवर सर्व लोकांचा सामायिक हक्क आहे, अशी शिकवण इस्लामी परंपरेंत आहे. त्यामुळें पाणी राखणाऱ्या धंद्यास पैसा देणें तिच्याशीं सुसंगतच ठरतें.

बाहेरच्या देशांतील अनुभव पाहावा. मलेशियांतील रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगानें २०१५ सालीं लोकवर्गणीनें कंपनीचे भाग विकण्याचे नियम केले व परवानाधारक मंडळ्यांसच तो व्यवहार करूं दिला. २०१७ च्या जुलै महिन्यांत त्याच देशांत साबा प्रांतांतील कुदात येथील सूर्यविजेच्या केंद्रासाठीं तादाऊ एनर्जी ह्या कंपनीनें २५ कोटी रिंगितचे 'सुकूक' काढिले. सुकूक म्हणजे व्याजाच्या रोख्याऐवजीं मालमत्तेंतील वांट्याचा दाखला. निसर्गपोषक कामासाठीं काढलेला जगांतील हा पहिला सुकूक मानतात. ते मोठ्या संस्थांनीं घेतले. परंतु इंडोनेशियाच्या सरकारनें २०१९ च्या नोव्हेंबरांत तशाच कामांसाठीं सामान्य नागरिकांकरितां सुकूक विकले, आणि किमान रक्कम दहा लाख रुपिया, म्हणजे आपले सुमारें पांच हजार रुपये, ठेविली. तेथें परतफेडीस सरकारची हमी होती. नव्या धंद्याच्या मागें अशी हमी कोणाचीही नसते, हा भेद विसरतां कामा नये.

६. आपला कायदा काय म्हणतो

रघुराम राजन समितीनें २००८ सालीं व्याजरहित बँकव्यवहाराची शिफारस केली होती. तथापि बँकांतून तसा विभाग सुरू करण्याचा प्रस्ताव पुढें न नेण्याचें रिझर्व्ह बँकेनें ठरविलें, असें २०१७ सालीं माहितीच्या अधिकारांत मिळालेल्या उत्तरावरून समजलें. लोकवर्गणीनें कंपनीचे भाग विकण्याविषयीं सेबीनें २०१४ सालीं एक विचारपत्र काढिलें. पुढें २०१६ सालीं इंटरनेटवरील विनापरवाना मंडळ्यांपासून सावध राहण्याचा इशारा तिनेंच दिला.

मग वाट कोणती ? वाट आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें खासगी रीतीनें भाग विकतांना एका आर्थिक वर्षांत दोनशेंहून अधिक माणसांस देऊं करतां येत नाहींत व त्याची जाहिरात करतां येत नाहीं. त्या मर्यादेंत राहून कंपनी काढतां येते. दहा किंवा अधिक उत्पादक शेतकऱ्यांस मिळून उत्पादक कंपनी स्थापितां येते. आणि सहकारी संस्थेचा जुना मार्ग तर मोकळाच आहे. ह्या तिन्ही रूपांत पैसे देणारा भागीदार किंवा सभासद होतो. त्याला सभेस बसण्याचा व हिशेब पाहण्याचा हक्क मिळतो. मुशारकेचें मर्म नेमकें हेंच आहे.

ह्याच्या उलट चित्र बेंगळुरास दिसलें. तेथील आय. एम. ए. नांवाची संस्था धर्मसंमत गुंतवणुकीच्या नांवावर हजारों लोकांचा पैसा घेऊन २०१९ च्या जून महिन्यांत कोसळली. त्यांत अल्प मिळकतीचे पुष्कळ लोक होते. दरमहा परतावा हातांत पडत होता तोंवर मूळ धंदा काय व त्याची वही कोठें, हें फारसें कोणी विचारलें नाहीं. येथें शिकावयाचें तें हें : व्यापारांत वाईट महिना येतोच. जी योजना वांट्याची म्हणवून घेते आणि तिच्या वहींत एकही वाईट महिना दिसत नाहीं, तींत व्यापार नाहीं. मागाहून येणाऱ्यांचा पैसा आधीं आलेल्यांस दिला जात असण्याचा संभव फार. नेमलेल्या परताव्याची हमी आणि नफातोट्यांतील वांटा, हीं दोन्ही वचनें एका तोंडानें देणारा माणूस धर्मशास्त्राप्रमाणेंही चुकतो व व्यवहाराप्रमाणेंही.

अशा फसवणुकीविरुद्ध आपल्या राज्यांत १९९९ चा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा व देशभर २०१९ चा अनियंत्रित ठेवयोजनांच्या बंदीचा कायदा आहे. त्यांन्वयें मालमत्ता जप्त होते, पण पैसा परत हातीं येण्यास वर्षें लागतात. कायद्यावर भरंवसा ठेवून पैसे देण्यापेक्षां आधीं चौकशी करून देणें केव्हांही स्वस्त.

७. पैसे देण्यापूर्वीं विचारावयाचे प्रश्न

(१) संस्था कोणत्या कायद्याखालीं नोंदली आहे ? कंपनी असल्यास कंपनी निबंधकाकडील, सहकारी असल्यास सहकार खात्याकडील नोंदणीचा दाखला स्वतः पडताळावा. छापील चोपडें म्हणजे दाखला नव्हे.

(२) मला मिळणार तें प्रमाण आहे कीं रक्कम ? नेमलेल्या रकमेची हमी असेल तर उठून यावें.

(३) तोटा आल्यास तो कोणी, कसा सोसावयाचा ? तें करारपत्रांत मराठींत, आपणांस कळेल असें लिहिलेलें आहे काय ?

(४) धंदा चालविणारानें स्वतःचे किती पैसे घातले आहेत ? ज्याचें कांहींच अडकलेलें नाहीं त्यास दुसऱ्याचा पैसा हलका वाटतो.

(५) वर्षाचा हिशेब कोण तपासतो व सभासदांस तो केव्हां मिळतो ? आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, असा प्रकार हिशेबाविना चांगल्या माणसांच्या संस्थेंतही होतो.

(६) निसर्गास अपाय नाहीं हें कशावरून ? प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमति लागत असल्यास ती पाहावी, आणि यंत्र चालू असतां जाऊन सांडपाणी कोठें सोडतात तें डोळ्यांनीं पाहावें.

(७) मला मध्येंच बाहेर पडावयाचें झाल्यास माझा भाग कोण व कोणत्या किंमतीस घेईल ?

(८) संस्था धर्माचें नांव घेत असेल तर तिचे करार तपासणारे शास्त्रज्ञ कोण, व त्यांचें मत लेखी आहे काय ? धर्माचें नांव हें हिशेबाच्या जागीं चालत नाहीं.

आणखी एक सूचना महसुली दप्तरांतील अनुभवावरून करावीशी वाटते. वांट्याच्या भांडवलासाठीं जमीन तारण ठेवूं नये. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' ह्या रकान्यांत बोजाची एक ओळ चढण्यास थोडा वेळ लागतो. ती कमी करून घेण्यासाठीं बापानें घातलेले हेलपाटे मुलगा पुढें चालू ठेवीत असल्याचीं उदाहरणें प्रस्तुत लेखकानें पुष्कळ पाहिलीं आहेत. शिवाय कर्ज काढून वांटेकरी होणें म्हणजे ज्या व्याजापासून सुटावयाचें तेंच मागील दारानें घरांत घेणें होय.

ज्यांस ही पद्धति पटेल त्यांनीं लहानापासून आरंभ करावा. एका गांवांतील पंधरावीस ओळखीच्या शेतकऱ्यांनीं मिळून, एकमेकांच्या डोळ्यांसमोर चालेल असा एकच धंदा निवडावा. वर्षभराचें खत लागणाऱ्यांनीं त्याची किंमत सलमच्या रीतीनें आगाऊ द्यावी, बाकीच्यांनीं भाग घ्यावेत, दर तीन महिन्यांनीं वही चावडीवर वाचून दाखवावी. पहिल्या वर्षीं तोटा आला तर तोही तसाच मोठ्यानें वाचावा. ज्या संस्थेंत तोटा उघडपणें वाचला जातो, तेथेंच पुढें नफ्याच्या आंकड्यावर लोकांचा विश्वास बसतो.